लसीकरण आणि लोकांचा विश्वास

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, संस्थेच्या धर्मार्थ दवाखान्याचे मानद वैद्यकीय अधिकारी यांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या संस्थेने पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण केली, ही आपणा सर्वांच्या दृष्टीने अत्यंत आनंदाची आणि अभिमानाची बाब आहे. संस्थेच्या दवाखान्यात बसून रुग्णसेवा करण्याची संधी मला गेली अनेक वर्षे लाभली, हे मी माझे भाग्य समजतो. विश्वस्तांनी मला ‘आरोग्य आणि समाज’ असा विषय दिला होता. विषय फार विस्तृत आहे. म्हणून आपल्या अनुमतीने मी तो लहान करून घेतो आणि कोरोना महामारीच्या काळात आपल्या देशाने राबविलेल्या लसीकरण मोहिमेविषयीच बोलतो. त्या मोहिमेत मी काम केले, तिच्यातून पुष्कळ शिकलो आणि तिच्याच काळात माझ्या हातून एक चूक घडली. ती चूक आज आपल्यासमोर सांगावी, असा माझा मानस आहे.

दंडावरचा वण

सभागृहात बसलेल्या ज्येष्ठ मंडळींनी बाही थोडी वर केली, तर बहुतेकांच्या दंडावर एक गोल वण दिसेल. तो ‘देवी काढल्याचा’ वण आहे. लहानपणी ‘देवीचा डॉक्टर’ गावात आला की मुले माळ्यावर लपून बसत, हे पुष्कळांना आठवत असेल. आज मुलांच्या आणि नातवंडांच्या दंडावर तो वण आढळत नाही, कारण त्यांना ती लस देण्याची गरजच उरली नाही.

इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये देवीच्या लशीचा प्रयोग केला. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १४ जून १८०२ रोजी, आपल्या मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस ही लस टोचण्यात आली. भारतातील ती पहिली यशस्वी लस मानली जाते. त्या दिवसापासून देवीचा रोग देशातून हद्दपार होण्यास पावणेदोनशे वर्षे लागली. मे १९७५ मध्ये देशातील देवीच्या अखेरच्या रुग्णाची नोंद झाली. १९७५ हेच आपल्या संस्थेचेही स्थापनावर्ष आहे. म्हणजे आपली संस्था आणि देवीमुक्त भारत ही दोन्ही एकाच वयाची आहेत, हा योग मला मोठा बोलका वाटतो.

लस उपलब्ध असूनही इतकी वर्षे का लागली? साधने अपुरी होती, रस्ते नव्हते, लस थंड ठेवण्याची सोय नव्हती, ही सर्व कारणे खरी आहेत. परंतु आणखी एक कारण होते. लोकांचा विश्वास बसण्यास काळ जावा लागला. लस प्रयोगशाळेत तयार होते आणि पेटीतून गावोगावी पोहोचविता येते. विश्वास मात्र ज्या त्या गावातच निर्माण करावा लागतो.

प्लेगच्या साथीने दिलेला धडा

या विधानाचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. तत्कालीन रशियन साम्राज्यात जन्मलेले जंतुशास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन त्या वेळी भारतात होते. त्यांना मुंबईस पाचारण करण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका लहानशा जागेत त्यांनी काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. परळचे हाफकिन इन्स्टिट्यूट आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

त्याच वर्षी सरकारने साथरोग प्रतिबंधक कायदा केला. पुण्यात प्लेग कमिशनर रँड यांच्या अधिपत्याखाली लष्करी शिपाई घराघरांत शिरले. देवघर आणि माजघर यांचा विवेक राहिला नाही. स्त्रियांची अप्रतिष्ठा झाल्याच्या तक्रारी झाल्या. त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर केलेल्या हल्ल्यात झाली, हे आपण सर्व जाणतो. ज्या उपाययोजनेचा हेतू प्राण वाचविण्याचा होता, तिचीच लोकांना रोगाहून अधिक भीती वाटू लागली. त्याच पुण्यात, त्याच वर्षी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. एकाच शहरात, एकाच साथीत, बळजबरीचा आणि सेवेचा असे दोन मार्ग एका वेळी दिसले. लोकांनी कोणाचे नाव आदराने जपले, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

मुंबईतील एक उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. लशीविषयी समाजात भय पसरलेले असताना खोजा इस्माइली समाजाचे तरुण धर्मप्रमुख आगाखान तिसरे यांनी आपल्या लोकांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली. हजार पत्रकांनी जे झाले नसते, ते त्या एका कृतीने झाले.

लशीच्या इतिहासात दुःखद प्रसंगही आहेत. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी प्लेगची लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने मृत्युमुखी पडली. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे दोष लशीचा नव्हता, तर गावात एक कुपी उघडताना झालेल्या हलगर्जीपणाचा होता, असे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. मात्र त्यात पाच वर्षे गेली. चूक झाली तर ती तत्काळ आणि उघडपणे तपासली पाहिजे, अन्यथा निर्दोष माणूस आणि उपयुक्त औषध दोन्ही बदनाम होतात, हा त्या प्रसंगाचा बोध आहे.

१६ जानेवारी २०२१

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोना ही महामारी असल्याचे घोषित केले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. आपले स्थानक बंद झाले, प्रवचने थांबली. त्यानंतर दहा महिन्यांच्या आत, ३ जानेवारी २०२१ रोजी, कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन लशींना आणीबाणीच्या वापरासाठी मान्यता मिळाली. या दोन्ही लशींशी पुण्याचा निकटचा संबंध आहे, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट. कोविशील्ड ही ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि ॲस्ट्राझेनेका यांनी विकसित केलेली लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली. कोव्हॅक्सिन हैदराबादच्या भारत बायोटेकने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने तयार केली आणि तिच्यासाठी लागणारा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत वेगळा करण्यात आला होता.

१२ जानेवारीच्या पहाटे लशीच्या पेट्या घेऊन पहिल्या गाड्या पुण्याहून निघाल्या. १६ जानेवारीस मोहीम सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी देशभरातील सुमारे तीन हजार केंद्रांवर १ लाख ९० हजारांहून अधिक आरोग्य कर्मचाऱ्यांनी लस घेतली. फेब्रुवारीत पोलीस, सफाई कामगार आदी आघाडीवर काम करणाऱ्यांची पाळी आली. १ मार्चपासून ६० वर्षांवरील सर्व आणि ४५ वर्षांवरील व्याधिग्रस्त, १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्व आणि १ मेपासून १८ वर्षांवरील सर्व नागरिक पात्र ठरले. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी १०० कोटी मात्रांचा आणि १७ जुलै २०२२ रोजी २०० कोटी मात्रांचा टप्पा देशाने ओलांडला.

हे आकडे वृत्तपत्रांतून आपण वाचले आहेत. परंतु एक मात्रा देण्यामागे किती माणसे उभी असतात, ते सांगितले पाहिजे. प्रत्येक केंद्रावर तीन दालने असत. पहिले प्रतीक्षेचे, दुसरे लस देण्याचे आणि तिसरे निरीक्षणाचे. लस टोचणारी परिचारिका आणि तिच्या जोडीला चार सहकारी, असे पाच जणांचे पथक असे. कोविशील्डच्या एका कुपीत दहा मात्रा असत. कुपी दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागे आणि एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागे, अन्यथा उरलेली लस टाकून द्यावी लागे. त्यामुळे सायंकाळी केंद्रावर सात माणसे आणि नवी कुपी अशी स्थिती आली की आमची धावपळ होई. आपल्या युवक मंडळाने त्या काळात ज्येष्ठांची यादी दूरध्वनी क्रमांकांसह तयार ठेवली होती. ‘तीन माणसे हवीत’ असा निरोप गेला की वीस मिनिटांत तीन माणसे हजर होत. सुवर्णमहोत्सवाच्या अहवालात या कामाची नोंद कदाचित नसेल. म्हणून ती येथे करतो. त्या यादीमुळे आमच्या केंद्रावरील कित्येक मात्रा वाया जाण्यापासून वाचल्या.

आशा सेविका आणि आरोग्य सेविका यांचे ऋण तर फेडता येणारच नाही. डोंगरातील पाड्यांवर, ऊसतोड कामगारांच्या पालांवर, नदीपलीकडच्या वस्त्यांवर त्या गळ्यात लशीची पेटी अडकवून पायी गेल्या. लोकांनी त्यांना दारातून परत पाठविले, त्या पुन्हा गेल्या.

थोरल्या बंधूंचा प्रश्न

आता मी माझ्या चुकीकडे येतो. माझे थोरले बंधू आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे होते. घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. १ मार्च २०२१ पासून ते लशीस पात्र होते. मार्चच्या मध्यास एके दिवशी ते दवाखान्यात आले आणि रुग्ण गेल्यावर हळूच म्हणाले, “तू डॉक्टर आहेस म्हणून विचारतो. या लशीत जनावराचे काही असते का रे?”

मी त्या दिवशी दमलेलो होतो. मी हसून म्हणालो, “अण्णा, एवढा विचार कशाला करता? सगळे घेताहेत, तुम्हीही घेऊन टाका.”

अण्णा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बरं. मार्चअखेर होऊ दे, हिशेब मिटले की बघू.”

आपण व्यापारी समाज आहोत. मार्चअखेर म्हणजे काय, हे आपल्याला सांगावे लागत नाही. परंतु अण्णा केवळ हिशेबांसाठी थांबले नव्हते, हे मला तेव्हाच कळावयास हवे होते. ज्या माणसाने आयुष्यभर औषधाची बाटलीसुद्धा घटक वाचल्याशिवाय घेतली नाही, त्याच्या प्रश्नाला मी उत्तर दिलेच नाही. मी तो प्रश्न थट्टेवारी नेला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अण्णांना ताप आला. त्या महिन्यात काय स्थिती होती, ते आपण विसरलेलो नाही. खाटा नव्हत्या, प्राणवायू नव्हता, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तर देशात दिवसाला चार लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले जात होते. एप्रिल संपण्यापूर्वी अण्णा गेले. वहिनींना अंत्यदर्शनही घेता आले नाही.

मार्चमध्ये पहिली मात्रा घेतली असती तर ते निश्चित वाचले असते, असे एक वैद्य म्हणून मी म्हणू शकत नाही. एका मात्रेने आणि एवढ्या थोड्या दिवसांत मिळणारे संरक्षण अपुरे असते. परंतु धोका कमी झाला असता, हे मी निश्चित म्हणू शकतो. ती संधी त्यांना मिळाली नाही, कारण त्यांचा प्रश्न मला क्षुल्लक वाटला. लशीविषयी प्रश्न विचारणारा प्रत्येक माणूस अडाणी किंवा हट्टी नसतो. पुष्कळदा तो आपल्या विवेकाशी प्रामाणिक असतो. हे शिकण्यासाठी मला फार मोठी किंमत मोजावी लागली.

ज्यांच्याजवळ ओळखपत्र नव्हते

मे महिन्यात आपल्या स्थानकात सात महासतीजी मुक्कामी होत्या. विहार थांबला होता. त्यांच्यापैकी दोघी वयोवृद्ध, एकीस मधुमेह. लस द्यावयाची तर अडचणी अनेक. लस घेण्यासाठी ‘कोविन’वर नोंदणी आवश्यक होती. त्यासाठी आधार, मतदार ओळखपत्र, पारपत्र यांसारख्या सात विहित ओळखपत्रांपैकी एक हवे होते आणि भ्रमणध्वनी क्रमांक हवा होता. ज्यांनी घर, नाव आणि संपत्ती या सर्वांचा त्याग केला, त्यांच्याजवळ यांतील काय असणार? शिवाय वाहनात बसावयाचे नाही, म्हणजे दूरच्या केंद्रावर जाणे अवघड. पुरुषाचा स्पर्श वर्ज्य, म्हणजे लस देणारी भगिनीच हवी.

ही अडचण केवळ आपली नव्हती. मे २०२१ च्या आरंभी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ओळखपत्र नसलेल्यांसाठी स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली. त्या यादीत भटके लोक आणि विविध धर्मांचे साधू-संत, तुरुंगातील बंदी, मनोरुग्णालयांतील रुग्ण, वृद्धाश्रमांतील ज्येष्ठ, रस्त्याकडेचे भिक्षेकरी अशा सर्वांचा एकत्र उल्लेख होता. सर्वस्व त्यागलेले साधू आणि सर्वस्व गमावलेला भिक्षेकरी एकाच परिच्छेदात आले होते. मला तो सरकारी कागद वाचताना भरून आले. व्यवस्थेच्या दाराबाहेर राहिलेल्या प्रत्येकास आत घेण्याचा तो प्रयत्न होता.

या पद्धतीनुसार अशा गटासाठी एक प्रमुख साहाय्यक नेमावयाचा होता, ज्याच्याजवळ ओळखपत्र आणि भ्रमणध्वनी आहे. आपल्या संस्थेच्या व्यवस्थापकांनी ती जबाबदारी स्वीकारली. मेअखेरीस ज्येष्ठ व दिव्यांग यांच्यासाठी घराजवळ केंद्र उघडण्याच्या सूचनाही आल्या. जिल्हा आरोग्य यंत्रणेशी पत्रव्यवहार झाला आणि जूनच्या अखेरीस स्थानकाच्या आवारातच सत्र ठरले.

नेमक्या त्याच सुमारास वृत्तपत्रांतून आणि भ्रमणध्वनीवरील संदेशांतून एक बातमी पसरली की कोव्हॅक्सिनमध्ये नवजात वासराचा रक्तद्रव असतो. सत्रापूर्वी ज्येष्ठ महासतीजींनी मला बोलावून घेतले आणि शांतपणे विचारले, “डॉक्टरसाहेब, लशीत काय असते?”

तो अण्णांचाच प्रश्न होता. या वेळी मी हसलो नाही. मी दोन दिवसांचा अवकाश मागितला, मिळेल ती अधिकृत माहिती वाचली आणि मग त्यांच्यासमोर बसून जे सांगितले, तेच आज आपल्यालाही सांगतो.

कोव्हॅक्सिन ही मृत विषाणूपासून बनविलेली लस. विषाणू वाढविण्यासाठी जिवंत पेशी लागतात. त्यासाठी ‘व्हेरो’ नावाच्या पेशी वापरतात. त्या मूळच्या माकडाच्या मूत्रपिंडातून अनेक दशकांपूर्वी घेतलेल्या आणि प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढत आलेल्या आहेत. पोलिओ, रेबीज यांच्या लशींसाठीही त्या वापरल्या जातात. या पेशींच्या वाढीसाठी पोषक द्रव्य म्हणून नवजात वासराचा रक्तद्रव वापरला जातो. पेशी वाढल्यावर त्या अनेक वेळा धुऊन रक्तद्रव काढून टाकतात. मग त्यांत विषाणू सोडतात. त्याच्या वाढीत त्या पेशी नष्ट होतात. पुढे तो विषाणू मारून शुद्ध करतात. अंतिम लशीत वासराचा रक्तद्रव नसतो, असे आरोग्य मंत्रालयाने जून २०२१ मध्ये स्पष्ट केले. कोविशील्डची रीत निराळी होती. चिंपांझीला होणाऱ्या सर्दीच्या विषाणूत बदल करून, तो शरीरात वाढू शकणार नाही अशा प्रकारे निष्प्रभ करून, ती लस बनविली जात असे आणि त्यासाठी मानवी पेशींपासून वाढविलेल्या पेशी वापरत.

एवढे सांगून मी पुढे म्हणालो, “महाराजसाहेब, लशीत रक्तद्रव नाही हे खरे आहे. परंतु तयार करण्याच्या वाटेवर तो वापरला जातो, हेही तितकेच खरे आहे. मी दुसरी गोष्ट आपल्यापासून लपविली, तर पहिली सांगण्याचा मला अधिकार राहणार नाही.” प्राणिजन्य द्रव्याशिवाय पेशी वाढविण्याच्या पद्धती विकसित होत आहेत आणि काही ठिकाणी वापरातही आल्या आहेत, हेही मी सांगितले. आणि शेवटी सांगितले की ही साथ श्वासावाटे पसरते. आपल्या दर्शनास येणाऱ्या वृद्धांचा आणि आपल्या सोबतच्या साध्वींचा विचारही या निर्णयात आहे.

त्यांनी सर्व ऐकून घेतले. सत्राच्या दिवशी सातपैकी सहा जणींनी लस घेतली. सत्र सकाळी लवकर ठेवले होते, जेणेकरून कणकण जाणवू लागल्यास सूर्यास्तापूर्वी औषध घेता यावे. टोचणारी आरोग्य सेविका भगिनी होती, तिने पादत्राणे बाहेर काढली आणि संगणकावरील सर्व नोंदी कार्यालयात झाल्या. सातव्या महासतीजी म्हणाल्या, “आपण काही लपविले नाही, एवढे मला पुरे. निर्णय मात्र माझा मला घेऊ द्यावा.” आम्ही हात जोडले. पुढे त्यांनी लस घेतली की नाही, हे मी येथे सांगणार नाही. ती त्यांची बाब आहे.

त्यानंतर सुमारे वर्षभराने, २ मे २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने असाच निर्वाळा दिला. सरकारचे लसीकरणाचे धोरण अवाजवी नाही, परंतु कोणाही व्यक्तीस लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, कारण आपल्या शरीराविषयीचा निर्णय हा घटनेच्या एकविसाव्या कलमाने दिलेल्या अधिकाराचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. १८९७ च्या पुण्यापासून २०२२ च्या दिल्लीपर्यंतचा हा प्रवास सव्वाशे वर्षांचा आहे.

त्या दिवशी दुपारी आणखी एक गोष्ट घडली. ‘महाराजसाहेबांनी लस घेतली’ ही वार्ता गावात पसरली आणि तोवर टाळाटाळ करणारे चाळीसहून अधिक श्रावक-श्राविका दुसऱ्या दिवशी केंद्रावर आले. वहिनीही आल्या. लस टोचून झाल्यावर निरीक्षणाच्या दालनात त्या अर्धा तास बसल्या होत्या. मी जवळ गेलो, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, त्यांनाही असंच समजावून सांगायचं होतं.” या वाक्याला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. आजही नाही.

मोहिमेतील उणिवा

प्रामाणिकपणे बोलावयाचे तर मोहिमेच्या त्रुटीही सांगितल्या पाहिजेत. २०२१ च्या उन्हाळ्यात मागणी प्रचंड आणि पुरवठा तुटपुंजा होता. आपल्या राज्यात मे महिन्याच्या मध्यास १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण काही काळ थांबवावे लागले. नोंदणीची व्यवस्था आरंभी इंग्रजीतच होती. ज्याच्या हाती उत्तम भ्रमणध्वनी त्याला जागा मिळे आणि शहरातील तरुण खेड्यातील केंद्रावर लस घेऊन जात, तर त्या खेड्यातील शेतकरी बाहेर उभा राही. ही विषमता होती. २१ जूनपासून १८ वर्षांवरील सर्वांसाठी केंद्र सरकारने विनामूल्य लस उपलब्ध केली आणि थेट केंद्रावरील नोंदणीही सुरू झाली, तेव्हा स्थिती सुधारली. त्याच जूनमध्ये मुंबईत बनावट लसीकरण शिबिरे उघडकीस आली. लोकांच्या भीतीवर व्यापार करणारी माणसेही समाजात असतात, हे त्यातून दिसले.

लशीचे दुष्परिणाम हा तिसरा मुद्दा. ताप, अंगदुखी यांचा अनुभव अनेकांना आला. ॲस्ट्राझेनेकाच्या लशीमुळे अत्यंत क्वचित प्रसंगी रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट्स कमी होतात, हे युरोपात २०२१ मध्येच निदर्शनास आले होते. २०२४ मध्ये कंपनीने ब्रिटनमधील न्यायालयात ते मान्य केल्याची बातमी आली, तेव्हा आपल्याकडे मोठी खळबळ उडाली. माझ्या दवाखान्यात दोन दिवस रांग लागली होती. मी प्रत्येकास सांगितले की हा धोका खरा आहे, तो फार विरळ आहे आणि तो प्रामुख्याने लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतला आहे. तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या लशीसाठी आज घाबरण्याचे कारण नाही. लोक ऐकून शांतपणे घरी गेले. २०२१ मध्येच ही गोष्ट सर्वांना अधिक स्पष्टपणे सांगितली असती, तर २०२४ मध्ये रांग लागली नसती, असे मला वाटते.

संस्थेपुढे तीन सूचना

बंधू-भगिनींनो, ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. परंतु साथ ही पुनःपुन्हा येणारी गोष्ट आहे. सुवर्णमहोत्सव साजरा करताना पुढील पन्नास वर्षांचा विचार करावयाचा असेल, तर मी विश्वस्त मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवू इच्छितो.

पहिली सूचना अशी की युवक मंडळाने २०२१ मध्ये तयार केलेली ज्येष्ठांची यादी कपाटात ठेवून देऊ नये. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नावे, त्यांच्या व्याधी आणि शेजाऱ्याचा क्रमांक दरवर्षी पर्युषणापूर्वी अद्ययावत करावेत. यादीत जैन आणि जैनेतर असा भेद नसावा. आपल्या दवाखान्याने तो कधी केलेला नाही.

दुसरी सूचना अशी की महिन्यातून एक दिवस दवाखान्यात केवळ प्रश्नांसाठी राखून ठेवावा. लस, औषध, त्यातील घटक, उपवासात औषध घ्यावे की नाही, यांविषयी ज्याला जे विचारावयाचे असेल ते त्याने विचारावे आणि वैद्यांनी हसण्यावारी न नेता उत्तर द्यावे. ही जबाबदारी माझ्या अंगात बळ आहे तोवर मी स्वीकारतो.

तिसरी सूचना औषधनिर्मिती व्यवसायात असलेल्या आपल्या बांधवांसाठी आहे. आपल्या समाजात या क्षेत्रातील यशस्वी उद्योजक पुष्कळ आहेत. प्राणिजन्य द्रव्यांशिवाय लस आणि औषधे तयार करण्याच्या संशोधनास त्यांनी साहाय्य करावे. केवळ आक्षेप घेऊन आपले कर्तव्य संपत नाही, मार्ग शोधण्यास हातभार लावला तर ते पूर्ण होते.

अण्णांचा तो प्रश्न गेली काही वर्षे माझ्या मनात होता. त्याचे उत्तर त्यांना देता आले नाही, ते आज आपणास दिले. बोलण्याच्या ओघात कळत-नकळत कोणाचे मन दुखावले गेले असेल, तर अंतःकरणपूर्वक मिच्छामि दुक्कडम्. 

जय जिनेंद्र.